हात लावला की वाजतो

गंगम्माचं बाळ काचेच्या पेटीत होतं. सातव्या महिन्यातच झालेलं, मोठ्या माणसाच्या तळहातावर मावेल एवढं. उदगीरच्या पलीकडच्या सीमेलगतच्या गावाहून बाळाला आणि तिला लातूरच्या या मुलांच्या दवाखान्यात आणलं होतं. नवरा वीरण्णा उदगीरला डाळमिलमध्ये कामाला. तो सुटी मिळेल तसा यायचा, संध्याकाळच्या एसटीनं परत जायचा. दिवसभर ती एकटीच. मराठी तिला सगळं कळायचं, पण घाईत बोलायला लागली की तोंडातून कानडी यायची. बाकीच्या आया दुपारी जेवून व्हरांड्यात आडव्या व्हायच्या. गंगम्मा मात्र वॉर्डाच्या काचेपाशी उभी राहायची.

त्या दुपारी वॉर्ड फार शांत होता. प्रमोदिनी सिस्टर शेजारच्या छोट्या खोलीत बाळांचं दूध मोजून वाट्यांत भरत होत्या. पेट्यांच्या खोलीत तेवढा वेळ मोठं माणूस कुणी नव्हतं. आणि गंगम्माच्या बाळाचा श्वास थांबला.

इतक्या लवकर झालेल्या बाळांचं असं होतं. श्वास घ्यायचं त्यांच्या मेंदूला मधेच आठवत नाही. तळव्याला टिचकी मारली, पाठ चोळली की पुन्हा आठवतं. फक्त कुणीतरी वेळेवर जाऊन टिचकी मारायला हवी. त्यासाठीच पेटीशेजारी मॉनिटर असतो. त्यावरचा आकडा घसरला, लाल झाला, लुकलुकायला लागला. आवाज मात्र झाला नाही. सततचा किणकिणाट या बाळांना सोसत नाही, म्हणून गेल्या महिन्यात मॉनिटरचे आवाज अगदी बारीक केले होते. धोक्याची सूचना वायफायवरून थेट सिस्टरच्या खिशातल्या हँडसेटवर जायची, तो थरथरायचा आणि वाजायचा, अशी नवी सोय होती.

सिस्टरच्या खिशातला हँडसेट गप्प होता.

गंगम्माला आकड्यांतलं काही कळत नव्हतं. तिला बाळाचे ओठ दिसले. जांभळाच्या सालीसारखे. तिनं दोन्ही हातांनी काच बडवली आणि किंचाळली, "बन्नी! सिस्टर, या, बन्नी! उसिरु इल्ला! श्वास न्हाई, श्वास न्हाई त्येला!"

प्रमोदिनी सिस्टर हातातली वाटी टाकून धावल्या. पेटीची खिडकी उघडली, तळव्याला टिचक्या मारल्या, पाठ चोळली. काहीच नाही. छोटा मास्क तोंडावर धरून फुगा दाबायला लागल्या. काचेबाहेर गंगम्मा खाली बसली होती. मग बाळाच्या छातीत एक उचकी आली. मग दुसरी. मग ते मांजरीच्या पिल्लासारखं रडलं.

बाळ गुलाबी झाल्यावर सिस्टरांनी डॉक्टरांना फोन करायला खिशातून हँडसेट काढला. पडदा उजळला आणि तो त्यांच्या हातात थरथरायला लागला. एकामागून एक सूचना. श्वास थांबला. श्वास थांबला. श्वास थांबला. सगळ्या होऊन गेलेल्या.

"हे खिशात होतं माझ्या," त्या नंतर प्रत्येकाला सांगत राहिल्या. "इथं, या खिशात. अन् मला काही कळलं न्हाई."

*

ही सोय बसवली होती आलिया मोमीननं.

आलिया मूळची मुखेडची. वडील जहांगीर यांचं बाजारात पंखे आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान. दहावीनंतर वडिलांनी तिला डॉक्टर करायचं म्हणून लातूरला क्लासला घातलं. सोबत आई, चांदबी, येऊन राहिली. दोन वर्षं आलियानं पाठांतर केलं, परीक्षेत नंबर लागला नाही. मग तिनं तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि माधवरावांच्या फर्ममध्ये लागली. माधवराव दुकानांना कॅमेरे, शाळांना आणि दवाखान्यांना नेटवर्क बसवून द्यायचे. आलिया शिडीवर चढायची, वायरी ओढायची, रात्री-अपरात्री कुणाचं काही बंद पडलं तर फोनवर सांगायची. वडील गेल्यानंतर मायलेकींनी मुखेडचं घर भाड्यानं दिलं आणि लातुरातच राहिल्या.

स्वभावानं ती घाबरट होती. हे ती स्वतःच सांगायची. घरातून निघताना गॅस बंद केलाय का हे बघायला जिन्यावरून परत जायची. काम झाल्यावरही एकदा बघून येते म्हणायची. माधवराव चिडवायचे, पण दवाखान्यांची कामं तिलाच द्यायचे.

फोन आला तेव्हा ती एका शाळेच्या गच्चीवर होती. बाळांच्या वॉर्डाचे डॉक्टर सर्वेश मुरुडकर एवढंच म्हणाले, "आलिया, हँडसेट वाजला नाही. बाळ वाचलंय. तुम्ही लगेच या."

'बाळ वाचलंय' हे शब्द तिच्या कानात उलटे फिरले. स्कूटीवर येताना तिला सिग्नल दिसले नाहीत, गाड्या दिसल्या नाहीत. जिना चढताना काचेपाशी भिंतीला टेकून बसलेली बाई तिला दिसली. हातांवर लाल वळ उठलेले. कुणी सांगितलं नाही, पण तिला कळलं.

डॉक्टरांनी तोवर दोन गोष्टी केल्या होत्या. सगळ्या मॉनिटरचे आवाज पूर्वीसारखे मोठे केले होते आणि पेट्यांच्या खोलीत एक माणूस कायम उभं राहील असं ठरवलं होतं. वॉर्ड किणकिणत होता, बाळं दचकत होती. "हे असं जास्त दिवस चालणार नाही," डॉक्टर म्हणाले. "माणसं कमी आहेत माझ्याकडे. पण आत्ता मला दुसरं काही सुचत नाही."

आलियानं छताकडं पाहिलं. तिनंच लावलेले वायफायचे ॲक्सेस पॉइंट, पांढऱ्या बशांसारखे. वॉर्डातल्या बाया त्यांना बशाच म्हणायच्या. हिरवे दिवे नीट लागलेले. तिनं हँडसेट हातात घेतला, रेंज पाहिली, भरपूर. एका रिकाम्या मॉनिटरवरून चाचणीची सूचना सोडली. हँडसेट लगेच वाजला. पुन्हा सोडली, पुन्हा वाजला. दूध करायच्या खोलीत जाऊन सोडली, तिथंही वाजला. जिन्यात वाजला, व्हरांड्यात वाजला. संध्याकाळपर्यंत ती हँडसेट हातात धरून फिरत राहिली आणि तो एकदाही चुकला नाही.

"आता तर वाजतोय," ती डॉक्टरांना म्हणाली, आणि म्हणतानाच तिचं तिला कसंतरी झालं.

"हो," डॉक्टर म्हणाले. "बिघडलेलं असतं तर मला बरं वाटलं असतं."

*

घरी जायच्या आधी ती जिन्यात थांबली. एक गोष्ट तिच्या मनात दुपारपासून टोचत होती. हीच सोय, हेच हँडसेट, याच बशा तिनं नांदेडच्या एका हृदयाच्या दवाखान्यातही बसवल्या होत्या. तिथं मोठी माणसं होती. ऑपरेशन झालेली, छातीला वायरी लावलेली.

तिनं तिथल्या वॉर्डाचे ब्रदर श्रीमंत यांना फोन लावला.

"ब्रदर, आलिया बोलून राहिले, लातूरहून. तुमचे हँडसेट नीट वाजून राहिलेत का?"

"हाव की. काहीच प्रॉब्लेम न्हाई. का वं?"

"उशिरा वाजला, वाजलाच न्हाई, असं काही?"

"न्हाई न्हाई. एकदम शांत हाय सगळं. तुमच्या त्या सोयीपासून वॉर्डात लई शांतता झाली बघा."

हँडसेट वाजत नसेल तर वॉर्डात काय ऐकू येईल? हेच ऐकू येईल. शांतता.

"ब्रदर, माझं ऐका. मॉनिटरचे आवाज मोठे करा. आजच. इथं एका बाळाच्या वेळी हँडसेट वाजला न्हाई. का वाजला न्हाई ते मला अजून माहीत न्हाई."

"मोठ्या सरांना विचारावं लागल," श्रीमंत म्हणाले. "बघतो मी."

मग तिनं माधवरावांना फोन करून सांगितलं. ते चिडले. "अगं, कारण सापडायच्या आधीच नांदेडला फोन कशाला केलास? उद्या सगळे म्हणतील, यांचं सामानच खराब. आधी शोध, मग सांग."

"अन् तोवर तिकडं कुणाचं काही झालं तर?"

माधवरावांचा आवाज खाली आला. "केलास तर केलास. आता झोप."

ती झोपली नाही. जेवताना चांदबीनं विचारलं, "काय झालं गे? तोंड का असं उतरलंय?"

"अम्मी, मी बसवलेलं एक यंत्र वाजलं न्हाई."

"मग दुरुस्त कर."

"बिघडलेलं न्हाईच. मी बघायला गेले की नीट चालतंय."

चांदबीनं तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. तेवढ्यात आलियाचा स्वतःचा फोन ओट्यावर थरथरला. ती इतकी दचकली की पाण्याचा तांब्या कलंडला. कुठल्यातरी सेलची जाहिरात होती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिनं एकेक करून सगळं तपासलं. बशांचं सॉफ्टवेअर, वायरी, मधला सर्व्हर. सूचना मॉनिटरमधून निघाली होती, सर्व्हरनं पाठवली होती, उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा पुन्हा पाठवली होती. तिथपर्यंत सगळं चोख. त्याच्यापुढं, बशीपासून सिस्टरच्या खिशापर्यंत, दहा पावलांच्या हवेत ती कुठं गेली हे कळत नव्हतं.

प्रत्येक चाचणीला प्रमोदिनी सिस्टर सोबत होत्या. रेणापूरच्या बाई, नोकरीत केस पांढरे झालेले. कालपासून त्या कुणाशी नीट बोलल्या नव्हत्या. आलियानं पुन्हा हँडसेट त्यांच्या हातात दिला, "सिस्टर, एवढं एकदा धरा," तेव्हा त्यांचा बांध फुटला.

"न्हाई धरणार!" त्यांनी तो टेबलावर ठेवून दिला. "काल लेकरू माझ्यासमोर निळं पडलं. ती बाई अजून मला बघून रडती. मी आता त्या यंत्राला हात लावणार न्हाई. तुम्हीच बसा घेऊन." आणि त्या स्टुलावर पाठ फिरवून बसल्या. त्यांचे खांदे हलत होते.

आलिया लॅपटॉपपाशी तशीच उभी राहिली. हँडसेटचा पडदा काळा झाला. सिस्टर डोळे पुसत होत्या, बाहेर कुणीतरी बादली ओढत होतं. बराच वेळ तसाच गेला. मग, काहीतरी करायचं म्हणून, आलियानं लॅपटॉपवरून चाचणीची सूचना सोडली.

हँडसेट वाजला नाही.

तिनं त्याच्याकडं पाहिलं. टेबलावर पडलेला, काळा, निवांत. तिनं पुन्हा सूचना सोडली. काहीच नाही. काल संध्याकाळपर्यंत तिनं एवढ्या चाचण्या केल्या, आणि प्रत्येक वेळी हँडसेट तिच्या हातात होता. पडदा उजळलेला. जागा.

"सिस्टर," ती हळू आवाजात म्हणाली, जणू तो ऐकेल, "इकडं बघा. पण हात लावू नका."

प्रमोदिनी सिस्टर वळल्या. दोघी त्या वीतभर यंत्राकडं बघत उभ्या राहिल्या. मग आलियानं बोटानं पडद्याला नुसता स्पर्श केला आणि तो थरथरत, वाजत टेबलावर सरकायला लागला. सिस्टर मागं सरकल्या.

"हात लावला की वाजतो," आलिया म्हणाली. "गरज नसताना."

तिनं लॅपटॉप हवेतली वायफायची देवाणघेवाण ऐकायला लावला आणि दुपारपर्यंत तिला पहिली गोष्ट उमगली. डॉक्टरांना तिनं ती अशी सांगितली: बॅटरी वाचवायला हँडसेट डुलक्या घेतो. डुलकी घ्यायच्या आधी बशीला सांगतो, मी झोपतोय, माझा निरोप आला तर ठेवून घे. बशी सारखी हाळी देत असते, एका सेकंदात कितीतरी वेळा, आणि त्या हाळीत सांगते की कुणाकुणाचा निरोप येऊन पडलाय. हँडसेटनं मधून मधून जागं होऊन हाळी ऐकायची आणि आपलं नाव असेल तर निरोप मागून घ्यायचा. हे नवे हँडसेट बॅटरी जास्त टिकावी म्हणून बऱ्याच हाळ्या न ऐकताच सोडून देत होते. आणि बशी निरोप फार वेळ सांभाळत नव्हती, कुणी न्यायला आलं नाही की फेकून देत होती.

"म्हणजे वॉर्ड जितका शांत," डॉक्टर म्हणाले, "तितका हा गाढ झोपणार."

"हाव सर. गडबड असली की सिस्टर सारख्या बघतात, तेव्हा जागा राहतो."

डॉक्टरांनी खुर्चीत बसून घेतलं. महिनाभरातल्या सगळ्या शांत दुपारी त्यांच्या डोळ्यांसमोरून गेल्या असाव्यात.

आलियानं बशांना सांगितलं की झोपलेल्यांना प्रत्येक हाळीत पुकारा आणि निरोप जास्त वेळ ठेवा. हँडसेटमधली वायफायची डुलकी बंद केली. आता खरी चाचणी हवी होती. कोपऱ्यातला रिकामा मॉनिटर चालू करून तिनं त्याची नाडी मोजणारी चिमटी स्वतःच्या बोटाला लावली, म्हणजे चिमटी काढली की मॉनिटर खरीखुरी सूचना पाठवणार. पडद्यावर तिच्याच नाडीचा आकडा आला. धावून आल्यासारखा मोठा.

"बाई, तुमचं काय हे," सिस्टर म्हणाल्या. "पाणी प्या आधी."

हँडसेट टेबलावर ठेवला. कुणी हात लावला नाही. पडदा काळा झाल्यावर थोड्या वेळानं आलियानं बोटाची चिमटी काढली. हँडसेट वाजला. लगेच. पुन्हा ठेवला, पुन्हा वाजला. डॉक्टर हसले, कालपासून पहिल्यांदा. "झालं तर मग. मॉनिटरचे आवाज कमी करू?"

आलिया हो म्हणणार होती. तोंड उघडलंही होतं. पण तिनं घड्याळाकडं पाहिलं. आत्तापर्यंत हँडसेट किती वेळ पडून राहिला होता? एक घोट पाणी प्यायच्या वेळापेक्षा थोडा जास्त. दुधाच्या खोलीत सिस्टर त्याहून किती तरी जास्त वेळ असायच्या.

"सर, अजून न्हाई," ती म्हणाली. "तो तसाच पडू द्या. आपण सगळे जाऊ या. जेवू, बाकीची कामं करू. कुणीच त्याच्याकडं बघायचं न्हाई."

सगळी दुपार हँडसेट टेबलावर पडून राहिला. आलिया कोपऱ्यात बोटाला चिमटी लावून बसली. वॉर्डात मॉनिटर किणकिणत होते. काचेबाहेर गंगम्मा उभी होती. तिला आत काय चाललंय ते कळत नव्हतं, पण ती आलियाच्या बोटाकडं बघत होती. उन्हं कलली तेव्हा आलियानं डॉक्टरांना आणि सिस्टरांना बोलावलं आणि चिमटी काढली.

टेबल गप्प.

प्रमोदिनी सिस्टरांनी रुमालाचा बोळा तोंडावर धरला. मघाशी हो म्हटलं असतं तर आत्ता या वॉर्डात काय असतं, हे तिघांनाही दिसत होतं.

लॅपटॉप सांगत होता की या वेळी निरोप हँडसेटपर्यंत पोचला होता. बशीनं पुकारलं होतं, हँडसेटनं घेतलाही होता. पण आत दुसरी झोप होती. बराच वेळ कुणी हात लावला नाही की हँडसेट स्वतःच्या आतली ॲपंच झोपवत होता, सूचना वाजवणारं ॲपसुद्धा. निरोप दारात येऊन पडला होता आणि घरातलं कुणी उठत नव्हतं.

तिनं त्या ॲपला झोपेतून वगळलं, एकेका हँडसेटमध्ये जाऊन. पुढचा अख्खा दिवस पुन्हा तीच वाट बघणं. थोडा वेळ ठेवून, जास्त वेळ ठेवून, टेबलावर, कपाटात, सिस्टरांच्या खिशात. सिस्टरांना ती म्हणाली, "तुम्ही तुमचं काम करा, मी कधी चिमटी काढणार ते सांगणार न्हाई." प्रमोदिनी सिस्टर दूध भरत होत्या, दुपट्यांच्या घड्या घालत होत्या, आणि दर थोड्या वेळानं त्यांचा हात आपोआप खिशाकडं जायचा. मग त्या तो मागं घ्यायच्या.

या वेळी हँडसेट दरवेळी वाजला. प्रत्येक वेळी सिस्टर दचकल्या आणि प्रत्येक वेळी म्हणाल्या, "वाजला गं बाई."

बॅटरी मात्र पाळी संपायच्या आधीच उतरायला लागली. डॉक्टरांनी जास्तीचे हँडसेट मागवले आणि पाळीच्या मधेच बदलायचे असं ठरवलं. मॉनिटरचे आवाजही त्यांनी पूर्वीइतके बारीक केले नाहीत. मधल्या पट्टीत ठेवले.

*

नांदेडला माधवराव स्वतः गाडी घेऊन निघाले. अहमदपूर मागं पडलं. मग ते म्हणाले, "मी त्या रात्री तुला तसं बोलायला नको होतं. मला भीती वाटली गं." आलियानं मान हलवली. तिच्या मनात एकच प्रश्न होता, मॉनिटरचे आवाज मोठे केले का, आणि तो तिनं फोनवर विचारला नव्हता. उत्तर ऐकायचं धाडस नव्हतं.

दवाखान्याचा जिना चढून वॉर्डाच्या दारापाशी आली आणि तिचे पाय थबकले. आत शांत होतं. मॉनिटरचे दिवे होते, आवाज नव्हते.

श्रीमंत टेबलापाशी बसले होते. चांगला, हसतमुख माणूस. "या या मॅडम. सर गावाला गेलेत, मंग विचारायचं राहूनच गेलं. पण तुम्ही उगीच घाबरून राहिल्या. बघा, सगळं नीट हाय."

"हँडसेट कुठं हाय?"

"हा काय." तो त्यांच्या समोरच टेबलावर पडला होता. त्यांनी उचलायला हात पुढं केला.

"हात लावू नका!" आलिया एवढ्या मोठ्यानं ओरडली की पलंगावरचा एक म्हातारा डोळे उघडून बघायला लागला.

तिनं रिकाम्या पलंगाचा मॉनिटर चालू केला, चिमटी बोटाला लावली आणि काढली. पडदा लाल झाला, लुकलुकला. श्रीमंत हँडसेटकडं बघत होते. हसू तसंच होतं, मग हळूहळू विरत गेलं. वॉर्डात पंखा फिरत होता. कुणीतरी खोकलं. लाल आकडा लुकलुकत राहिला आणि टेबलावर काही हललं नाही.

श्रीमंतांनी मान वर केली आणि वॉर्डाकडं पाहिलं. एक पलंग, दुसरा पलंग, खिडकीजवळचा. प्रत्येकाच्या छातीकडं. मग ते उठले आणि प्रत्येक पलंगापाशी जाऊन उभे राहिले, माणूस श्वास घेतोय हे बघून पुढच्याकडं गेले. मग टेबलापाशी परत आले.

"तेरवा तुम्ही फोन केला," ते म्हणाले. "तेरवापासून..."

"आता आवाज मोठे करा, ब्रदर."

त्यांनी केले. सगळे मॉनिटर एकदम किणकिणायला लागले. पलंगावरचा म्हातारा वैतागून म्हणाला, "काय लावलंय हे!" पण श्रीमंतांना तो आवाज ऐकून रडू आलं. तेरवापासून तिथं कुणाचं काही झालं नव्हतं. केवळ नशिबानं. त्या दिवशी आलिया आणि माधवराव अंधार पडेपर्यंत तिथंच एकेक हँडसेट नीट करत होते.

*

बाळाचं वजन वाढलं, ते आईच्या अंगावर पिऊ लागलं. त्याचा श्वास पुन्हा थांबला नाही. तो थांबत नाही हे बघायला म्हणून डॉक्टरांनी त्याला आणखी काही दिवस ठेवून घेतलं आणि मग घरी न्यायची परवानगी दिली.

त्या दिवशी आलिया हँडसेट तपासायला आली होती. आता ती दर आठवड्याला न सांगता यायची, प्रमोदिनी सिस्टरांना चहा विचारायची आणि गप्पा मारता मारता मॉनिटरची चिमटी काढायची. सिस्टर पहिल्यांदा चिडल्या, नंतर त्यांनाच त्याची सवय लागली.

गंगम्मा बाळाला दुपट्यात गुंडाळून व्हरांड्यात बसली होती. वीरण्णा पिशव्या खाली ठेवायला गेला होता. घरी जायचं म्हणून बाई आनंदात असेल असं आलियाला वाटलं होतं. ती तर काचेकडं तोंड करून रडत होती.

"काय झालं, अक्का?"

गंगम्मानं आतल्या मॉनिटरकडं बोट केलं. "ते हितंच राहनार. घरी न्हाई." मग शब्द जुळवत म्हणाली, "घरी रातीला श्वास थांबला तर? मला कोन सांगनार? मी झोपले तर?"

आलियाला बशा माहीत होत्या, हाळ्या माहीत होत्या, बाळांचं काही माहीत नव्हतं. डॉक्टर सर्वेश बाहेर आले होते, ते गंगम्माच्या शेजारी बाकावर बसले. बाळ आता मोठं झालंय, त्याचा मेंदू श्वास घ्यायला शिकलाय, म्हणूनच त्याला सोडतोय, असं त्यांनी शांतपणे, दोनदा सांगितलं. काय दिसलं तर लगेच आणायचं तेही सांगितलं. गंगम्मा ऐकत होती आणि मान डोलवत होती. पण तिची नजर डॉक्टरांकडं नव्हतीच.

वीरण्णा रिक्षा घेऊन आला. आलियानं पिशवी उचलून दिली. गंगम्मा मागच्या सीटवर सरकून बसली, बाळाला छातीशी धरलं, दुपट्याच्या आत हात घातला आणि त्याच्या पाठीवर पसरला. रिक्षा सुरू झाली, गचका बसला, तिनं हात हलवला नाही. बसस्थानकाच्या वळणावर रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत आलिया बघत होती. बाईचं डोकं खाली वाकलेलं होतं, कान बाळाच्या तोंडाजवळ.